मी पत्रकातून काढलेलं वाक्य

ते वाक्य आमच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं आणि मी काढलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला लपायला जागा उरणार नाही.

अवयवदानाचा प्रसार करणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी प्रसिद्धीचं काम बघते. ऑफिस वसईत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. त्याआधी बरीच वर्षं मी मुंबईत जाहिरातींच्या धंद्यात होते. केसांचं तेल, बिस्किटं, प्रेशर कुकर आणि शेवटी एका बिल्डरचे फ्लॅट. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा मनात आलं, विकायचंच असेल तर आता असं काही विकू, ज्याची लाज वाटणार नाही. मुलाखतीत मी हे जसंच्या तसं बोलून दाखवलं. समोर संस्थेचे प्रमुख होते. किडनीच्या पेशंटांमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले डॉक्टर. ते जरा हसले आणि म्हणाले, "इथे विकायचं काही नाही हो. सांगायचं आहे."

मला तो नुसता शब्दांचा फरक वाटला.

पहिलं काम हाती आलं ते माहितीपत्रकाचं. जुनं पत्रक बारीक अक्षरातलं, आठ पानी, औषधाच्या खोक्यातल्या कागदासारखं. मी ते तीन घड्यांचं केलं. मोठा टाइप, मोकळी जागा, वर एक ठसठशीत ओळ. मधल्या घडीत डॉक्टरांचं ते वाक्य होतं: मृत्यूनंतर मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव फक्त रुग्णालयात, मेंदू मृत झाल्याचं निदान झालेल्या रुग्णाकडूनच घेता येतात, घरी मृत्यू झाला तर डोळे आणि त्वचा देता येते.

"डॉक्टर, माणूस इथे अडकेल," मी म्हटलं. "'मेंदू मृत' वाचलं की पत्रक खिशात आणि खिशातून कपड्यांबरोबर धुण्यात."

"पण खरं तर तेच आहे."

"खरं आहे. पण पहिल्या भेटीत सगळं सांगायची गरज नसते. आधी होकार घेऊ, तपशील नंतर सांगू."

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुमच्या धंद्यातलं तुम्हाला कळतं." वाक्य गेलं. त्या जागी मी एका म्हाताऱ्या हातावर ठेवलेल्या लहान हाताचं चित्र टाकलं.

पत्रक चाललं. विरारच्या सोसायट्यांमध्ये, नालासोपाऱ्याच्या बँकेत, चर्चच्या बाहेर, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात. नोंदणीचे अर्ज भराभर येऊ लागले. संस्थेच्या कार्यकारिणीतले एक गृहस्थ दर बैठकीला माझ्याकडे बघून म्हणायचे, "बघा, प्रोफेशनल माणूस आणला की काय होतं." मला ते ऐकायला आवडत असे, हेही कबूल करते.

वटारला सभा झाली ती हिवाळ्यात. गावातल्या एका सभागृहात, संध्याकाळी पाचला. वाड्यांमध्ये काम करून, हातपाय धुऊन माणसं आली होती. मी बोलले, चित्रं दाखवली, आणि अर्ज वाटायच्या आधीच पहिल्या रांगेतून एक काका उठले. सत्तरीला टेकलेले, सडपातळ, पांढरा सदरा, चपला हातात. त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र शाळेत शिकल्यासारखं सावकाश, नीट मराठी.

"ताई, एक विचारतो. मला काही करायला लागणार नाही ना? मी गेलो की घरच्यांनी तुम्हाला फोन करायचा. बरोबर?"

त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं अर्जासाठी उठून उभी होती. "बरोबर, काका," मी म्हटलं. "बस, एक फोन."

त्यांनी पहिली सही केली.

पुढे ते आमचेच झाले. केळीच्या पानांपुढे उभं राहून हसणारा त्यांचा फोटो मी पोस्टरवर घेतला. निर्मळच्या जत्रेत, एसटी स्टँडवर, दवाखान्यांच्या भिंतींवर तो लागला. ते कुठेही गेले की लोक ओळखायचे. महिन्या-दोन महिन्यांनी ते ऑफिसात यायचे, पिशवीत घरी वाळवलेली सुकेळी घेऊन, आणि कोणाकोणाला सही करायला लावली ते सांगायचे. एकदा म्हणाले, "ताई, तंबाखू सोडली. चाळीस वर्षांची."

"अरे वा, कशी काय?"

"आता हे सगळं दुसऱ्याला जायचं आहे. खराब कसं द्यायचं?" आणि त्यांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला, दुकानदार फळावरून फिरवतो तसा.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी काय केलं? डायरीत लिहून घेतलं, पुढच्या पोस्टरसाठी चांगली गोष्ट आहे म्हणून.

फेब्रुवारीत एका सकाळी साडेआठला त्यांच्या सुनेचा फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत त्या, आवाज वर्गात चालेल असा स्पष्ट.

"बाबा गेले. सातच्या सुमारास. वाडीला पाणी लावून आले, ओट्यावर बसले आणि मागे कलंडले. डॉक्टर येऊन गेले, हार्ट अटॅक म्हणाले. तुमची गाडी किती वाजता येईल? नातेवाइकांना आम्ही थांबायला सांगितलंय. किडनी, लिव्हर काढायला जो वेळ लागेल तो लागू दे."

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. पायरीवर बसले.

"मी येते," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं. त्या वाक्याचा त्यांनी उल्लेख केला असता तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "डोळे घेता येतील. सहा तासांच्या आत. मी नेत्रपेढीला कळवतो, तुम्ही घरी पोचा. आणि हे फोनवर सांगू नका."

वटारला पोचेपर्यंत रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. हेच माझं काम होतं, पण एकही वाक्य धड जुळेना.

अंगणात माणसं होती. बांबू, सुतळी, मडकं, सगळं तयार करून बाजूला ठेवलेलं. काका आत जमिनीवर, पांढऱ्या चादरीखाली. काकू भिंतीला टेकून बसलेल्या. मुलगा आणि सून दोघंही मला बघून पुढे आले, जणू मी आता सूत्रं हाती घेणार. मी त्यांना माजघरात नेलं आणि जे होतं ते सांगितलं. मूत्रपिंड आणि यकृत रक्त वाहत असेपर्यंतच कामाचे राहतात. त्यासाठी माणूस आयसीयूत असावा लागतो, मेंदू मेलेला आणि मशीनवर श्वास चालू. घरी हृदय थांबलं की ते अवयव देता येत नाहीत. डोळे देता येतात. त्वचाही, पण तिचं पथक इतक्या वेळात पोचेल असं दिसत नाही.

मुलगा म्हणाला, "पोस्टरवर तर असं काही लिहिलं नव्हतं."

"नव्हतं."

"सभेत पण नाही सांगितलंत. मी होतो सभेला."

"नाही सांगितलं."

"का?"

किती कारणं देता आली असती. जागा नव्हती, लोकांना समजत नाही, वेळ कमी होता. मी म्हटलं, "सांगितलं तर लोक सही करणार नाहीत असं मला वाटलं. ते वाक्य मी काढलं."

सून म्हणाल्या, "त्यांनी तंबाखू सोडली हो. जेवण झाल्यावर नुसता हात चोळत बसायचे." आणि मग रडल्या, सकाळपासून पहिल्यांदाच असाव्यात, कारण बाहेरून कोणी तरी धावत आलं.

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण घड्याळ चालू होतं. मी काकूंपाशी जाऊन बसले आणि तेच पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मग म्हणाल्या, "डोळे चांगले होते त्यांचे. पानाखालची अळी लांबून दिसायची. डोळे तरी न्या."

मी पंखा बंद केला. पापण्या मिटलेल्याच होत्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. डोक्याखाली उशी दिली. हे सगळं पत्रकात कुठेच नव्हतं, मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. साडेदहाला नेत्रपेढीची दोन माणसं आली, अर्ध्या तासात त्यांचं काम झालं. चेहरा होता तसाच राहिला. जाताना मी सुनेला नमस्कार केला. त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांपुढे राजीनामा ठेवला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. "हे लिहायला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

"सोपं काम आहे मग. अवघड काम कोण करणार?"

अवघड काम कोणतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. मी राजीनामा पर्समध्ये घातला. शिल्लक पत्रकांचे गठ्ठे त्याच दिवशी बाद केले. पोस्टर उतरवायला स्वतः गेले. कार्यकारिणीत ते गृहस्थ म्हणाले, "एक छोटा स्टिकर लावला असता तर भागलं असतं. आता नोंदणी खाली येईल."

"येऊ दे," मी म्हटलं. "आणि ज्यांनी माझ्या सभांमध्ये सह्या केल्यात, त्यांना मी घरी जाऊन सांगणार आहे."

"सगळ्यांना?"

"निदान पश्चिमेच्या गावांमधल्या."

तेव्हा मला माहीत नव्हतं त्याला किती आठवडे लागतील. वटार, भुईगाव, नंदाखाल, आगाशी. यादी हातात, पायात जुन्या सँडल. सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा. घर सापडायला वेळ जायचा, कारण अर्जावर पत्ता असायचा तो 'चर्चच्या मागे' किंवा 'मोठ्या बावखलाजवळ'. आमच्याकडे वाड्यांतल्या तळ्यांना बावखल म्हणतात आणि प्रत्येकाला आपलंच बावखल मोठं वाटतं.

भुईगावच्या एका बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग माझं नाव डोळ्यांपुरतं ठेवा. बाकीचं देवाच्या मनात असेल तसं." एका घरात दार लावून घेतलं. एका तरुणाने सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे तुमचं डोनर कार्ड असून पण घरचे नाही म्हणाले तर नाहीच?" हो, म्हटलं, शेवटी घरच्यांनाच विचारतात. "मग तुम्ही माझी सही कशाला घेतली? माझ्या आईशी बोला ना." आणि त्याने आईला हाक मारली. त्या दिवशी मी त्या घरी दीड तास बसले. एक पेन्शनर अर्ज घेऊनच दारात आले आणि माझ्यासमोर फाडून म्हणाले, "तुम्ही फसवलंत." मी म्हटलं, "हो काका." त्यांना बहुधा वाद हवा होता. मग त्यांनी पाणी विचारलं.

काकांच्या घरी मी गेले नाही. तेराव्यानंतर एकदा फाटकापर्यंत गेले होते, पण परत फिरले.

एप्रिलच्या शेवटी, शाळा सकाळची झाली होती तेव्हा, सून स्वतः ऑफिसात आल्या. मी नव्या पत्रकाचा मसुदा गावोगाव वाचायला दिला होता, तो फिरत फिरत त्यांच्याकडे पोचला होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. लाल पेनाने भरला होता.

"आईंना वाचून दाखवला. समजला नाही," त्या म्हणाल्या. "निदान म्हणजे काय, प्रत्यारोपण म्हणजे काय. आईंना नाही समजलं तर गावात कोणाला नाही समजणार. पुन्हा लिहा."

"तुम्ही मदत कराल?"

"मी तपासेन," त्या म्हणाल्या. "लिहायचं तुम्ही."

मसुदा पाच वेळा झाला. दर शनिवारी मी वटारला जायचे. ओट्यावर आम्ही तिघी. मी वाचायचे, सून त्यांच्या बोलीत सांगायच्या, काकू विड्याच्या पानांच्या जुड्या बांधता बांधता ऐकायच्या. पहिले दोन शनिवार काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. सुनेशी बोलायच्या, मी शेजारी असून नसल्यासारखी. तिसऱ्या शनिवारी त्यांनी हात थांबवला आणि थेट मला विचारलं, "छाती हलते, अंग गरम आहे, आणि तुम्ही म्हणता माणूस मेला. ते कसं?"

याचं उत्तर मला पाठ होतं, पण ते काकूंना पुरणार नाही हे कळत होतं. पुढच्या वेळी मी डॉक्टरांना घेऊन गेले. ते ओट्यावर मांडी घालून बसले आणि तासभर बोलले. श्वास घ्यायला मेंदू सांगतो. मेंदू पूर्ण मेला की मशीन हवा आत ढकलतं, म्हणून छाती हलते. मशीन काढलं तर हलत नाही. ते मशीन काढून तपासतात. एकदा नाही, दोनदा, मध्ये काही तास सोडून. तपासणारे डॉक्टर वेगळे, अवयव बसवणारे वेगळे.

"आणि हृदय?"

"हृदय काही काळ आपलं आपण चालतं. तेही नंतर थांबतंच."

काकूंनी वाडीकडे बघितलं. "केळ तोडून टाकली तरी पान दोन दिवस हिरवं राहतं."

"बरंचसं तसंच," डॉक्टर म्हणाले.

"मग असं लिहा की."

पत्रकात ते तसं लिहिलं नाही, सुनेने नको म्हटलं. "शहरातल्या माणसाला वाटेल आम्ही माणसाला झाड समजतो." पण मशीन काढून दोनदा तपासतात, हे लिहिलं. घरी मृत्यू झाला तर काय देता येतं, काय नाही, हे पहिल्याच घडीत मोठ्या अक्षरात आलं. पंखा बंद, ओला कापूस, उशी, तेही आलं. कार्डापेक्षा घरच्यांशी बोलणं महत्त्वाचं, हे आलं. चित्राला जागा उरली नाही.

पावसाळा संपल्यावर वटारच्या त्याच सभागृहात पुन्हा सभा घेतली. मी माइक हातात घेतला आणि आधीच्या सभेत काय सांगायचं टाळलं ते सगळ्यांपुढे सांगितलं. मागच्या रांगेत काकांचा मुलगा उभा होता. पूर्ण वेळ उभाच राहिला. सभा दोन तास चालली, कारण प्रश्न संपेनात. सह्या झाल्या सात. पुढच्या बैठकीत कार्यकारिणीतले गृहस्थ म्हणाले, "सांगितलं नव्हतं?" मी मिनिट्समध्ये सात हा आकडा लिहिला आणि पुढचा विषय घेतला.

त्यानंतर वर्षभराने एका दुपारी मुंबईतल्या एका रुग्णालयातून अवयवदानाचं काम बघणाऱ्या समन्वयक मुलीचा फोन आला. नंदाखालचं एक कुटुंब, तिशीतला मुलगा, बाइकचा अपघात. मेंदू मृत असल्याची पहिली तपासणी झाली होती. "मी विषय काढायच्या आधी बहिणीनेच विचारलं," ती म्हणाली. "दुसरी तपासणी कधी, तपासणारे डॉक्टर कोण, चर्चमध्ये चेहरा बघता येईल का. तिला एवढं कसं माहीत विचारलं, तर म्हणाली, घरी पत्रक आलं होतं, जेवताना वाचलं होतं सगळ्यांनी. भावाने सुद्धा."

"काय ठरवलंय त्यांनी?"

"अजून नाही ठरवलं. आई नको म्हणतेय."

मी जाऊ का, विचारलं. समन्वयक म्हणाली, नको, त्यांना बोलू दे. मी गेले नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी कोणालाही फोन केला नाही, आणि मला वाटतं या नोकरीत मी केलेलं सगळ्यात कष्टाचं काम तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आईने फादरना बोलावून घेतलं होतं, त्यांच्याशी बोलल्या होत्या, आणि स्वतः सही केली होती. दोन मूत्रपिंडं, यकृत, डोळे. हृदय त्यांनी दिलं नाही. ते राहू दे, म्हणाल्या. ते राहिलं.

दफनविधीला मी गेले. मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये मागे उभी होते. चेहरा उघडा होता, झोपल्यासारखा. बहीण आईला धरून चालत होती. मला तिथे कोणी ओळखत नव्हतं आणि मी ओळख दिली नाही.

कार्यकारिणीतल्या गृहस्थांचा फोन तिथेच आला. बाहेर येऊन घेतला. "फोटो मिळेल का एखादा? वार्षिक अहवालासाठी. आईचा आणि बहिणीचा."

"नाही," मी म्हटलं.

"विचारून तरी बघा."

"विचारणार नाही. त्यांना कधी बोलावंसं वाटलं तर त्या बोलतील."

ते काही तरी पुटपुटले. मी फोन ठेवला. सहा वाजता विरार पश्चिमेला एका सोसायटीत सभा होती, क्लब हाउसमध्ये, चौथ्यांदा तारीख बदलून मिळालेली. सेक्रेटरींनी बजावलं होतं की पंधरा मिनिटांच्या वर वेळ मिळणार नाही. नाक्यावर येऊन मी रिक्षा केली आणि पत्रकांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. पंधरा मिनिटांत काय काय सांगायचं, त्याचा क्रम लावत होते. टाळायचं असं त्यात काही नव्हतं, त्यामुळे वेळ कमीच पडणार होता. सेक्रेटरींकडून आणखी अर्धा तास मागून घ्यायचा, असं मी आगाशी यायच्या आत ठरवून टाकलं.